राखेत हात

सिक्स्तो निघताना राखेत हात घालायचा. चुलीतली राख दगडावर ओतायची, तिच्यावर तीनदा पाणी मारायचं, काठीनं ढवळायची, आणि मग उजवा हात मनगटापर्यंत आत खुपसून पाच-सहा श्वास थांबायचं. बाकीचे पाठीवर पिशव्या चढवून ताटकळत उभे असायचे. कोणी कुरकुर केली तर तो डोळेसुद्धा उघडायचा नाही. "डोळ्याला राख नेहमी गारच दिसते," म्हणायचा. "हाताला विचारावं लागतं." मग हात काढून पँटला पुसायचा आणि सांगायचा, "झोपली. चला." चूल झोपली की मगच आमची टोळी डोंगर उतरायला लागायची.

मी एरास्मो. मी खेचरं हाकायचो, तो रांधायचा. खाराबाकोआ शहराच्या वर, जिथं डांबरी रस्ता संपतो तिथं, नदीकाठी आमचं गाव. पिको दुआर्ते हा आमच्या बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर; तो चढायला येणाऱ्या शहरी मंडळींना वर न्यायचं आणि हातीपायी धड खाली आणायचं, ही आमची रोजीरोटी. तीन दिवसांची वाट. राष्ट्रीय उद्यानाच्या ऑफिसानं दिलेलं कार्ड गळ्यात असल्याशिवाय कोणाला वर नेता येत नाही. सिक्स्तोचं कार्ड नऊ वर्षांपूर्वी गेलं. माझं गेल्या महिन्यात गेलं, आणि ते मीच नेऊन दिलं. ते का, तेच सांगायला बसलोय.

त्याची चूल म्हणजे तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा. एका अंगाला लाकूड सारायला तोंड कापलेलं, आत बांधकामाच्या गजांची जाळी, खाली हवेसाठी खिळ्यानं पाडलेली भोकं, आणि धरायला तारेची कडी. पालोमा नावाचं आमचं एक म्हातारं खेचर होतं. तिच्या उजव्या टोपलीत ही चूल बसायची आणि डाव्या टोपलीत पेरूचं वाळकं लाकूड. वर पाइनचं रान पसरलेलं आहे, पण पाइनच्या धुरानं भात कडवट होतो, म्हणून रांधायचं लाकूड गावातून न्यायचं. पाइन फक्त पेटवणीला. त्यासाठी वरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यामागं एक मेलेल्या पाइनचा खुंट होता, दोघांनी कवेत घ्यावा एवढा, आतून राळेनं लालभडक. सिक्स्तो सुरीनं त्याच्या ढलप्या काढायचा. राळेची ढलपी भर पावसातसुद्धा पेटते. सगळे त्याला सिक्स्तोचा खुंटच म्हणायचे.

शहरी मंडळी मुठीएवढ्या गॅसच्या शेगड्या घेऊन यायची. वरच्या थंडीत त्या शेगड्या फुरफुर करायच्या आणि मान टाकायच्या. एकदा राजधानीतला एक चष्मेवाला पोरगा सिक्स्तोला म्हणाला, "काका, गॅसवर पाच मिनिटांत होतं सगळं."

"पाच मिनिटांत काय होतं, बाळा?" सिक्स्तो चुलीवरची नजर न काढता म्हणाला. "पाच मिनिटांत फक्त भांडण होतं."

अर्ध्या तासानं तोच पोरगा ताटली घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. सिक्स्तोनं आधी त्याला आल्याचा गरम चहा पाजला, मग सुक्या मासळीचा भात वाढला आणि वर म्हणाला, "सावकाश खा रे. भांडण नाही करायचं आपल्याला."

भात संपला की आमच्याकडं खरी गंमत सुरू होते. भांड्याच्या बुडाला लागलेली भाताची खरपुडी, तिला आम्ही कोंकोन म्हणतो. तिच्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी बघितलेत. ती कोणाला द्यायची हे रांधणाऱ्यानं ठरवायचं, त्यात कोणी तोंड घालायचं नाही. घराघरांत आईच्या लाडक्याला मिळते. सिक्स्तोचा कायदा वेगळा होता. त्या दिवशी ज्याची सगळ्यात जास्त फजिती झाली असेल त्याला खरपुडी. कोणाच्या बुटाचा तळ सुटला, कोणी ओढ्यात पडलं, कोणाला घरच्या आठवणीनं रडू फुटलं, की सिक्स्तो उलथनं घेऊन खरडायचा आणि ताटली त्याच्यापुढं सरकवायचा. मला ती बऱ्याचदा मिळाली आहे. खेचरं हाकणाऱ्याची फजिती काही एकाच दिवसापुरती नसते.

माझ्या यानेलिसच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं तेव्हा तिला हातावर धरून तिचा धर्मबाप म्हणून उभा होता तो सिक्स्तो. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे झालो आणि आमचं अरेतुरे संपलं. आदल्या दिवशीपर्यंत तो मला "ए खेचरा" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कोंपाद्रे, जरा तो बटाटा सोलायला घ्या." मला हसू आवरेना. तो हसला नाही. कोंपाद्रेशी खोटं बोलायचं नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही, त्याच्या मागं त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. आमच्याकडं सख्ख्या भावापेक्षा हे नातं अवघड असतं, कारण ते आपण होऊन घेतलेलं असतं.

आता ती सकाळ.

फेब्रुवारी होता आणि दोन महिने थेंब पडला नव्हता. निवाऱ्याजवळचा झरा आटून खाली सरकला होता. एक कळशी पाणी आणायचं तर वीस मिनिटं उतरायचं आणि तीस मिनिटं चढायचं. आमच्यासोबत आठ-नऊ जण होते. त्यांतल्या एका पोरीचा पाय मुरगळून भोपळ्यासारखा सुजला होता. ऊन चढायच्या आत तिला पालोमावर घालून खाली न्यायचं ठरलं, आणि अवघड उतारावर पालोमा सिक्स्तोशिवाय कोणाचं ऐकत नसे. कॉफी झाली तसा तो निघाला.

जाता जाता म्हणाला, "कोंपाद्रे, चूल तुमच्यावर. घाई करू नका. हात घालून बघा आणि मगच निघा."

"अहो जा तुम्ही," मी म्हणालो. "मी काय काल जन्मलोय?"

त्याच दुपारी गावात माझा पिवळा कोंबडा झुंजणार होता. एवढंच कारण. त्यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला थोडं तरी बरं वाटलं असतं. पाणी आणायला खाली गेलो असतो तर तास मोडला असता आणि झुंज हुकली असती. कळशीत होतं तेवढं पाणी मंडळींनी पिऊन टाकलं होतं. सिक्स्तोच्या खुंटाला एका बाजूनं ढोली होती. डब्यातली राख मी त्या ढोलीत ओतली, वर चार ओंजळी माती टाकली आणि बुटानं दाबली. धूर दिसला नाही. डोळ्याला गारच दिसली. रिकामा डबा दुसऱ्या खेचराच्या टोपलीत टाकला आणि मंडळींना घेऊन पळत सुटलो.

कोंबडा जिंकला.

संध्याकाळी सिक्स्तो माझ्या दारात आला. ती पोरगी सुखरूप गाडीत बसून गेली होती. त्यानं आधी कोंबड्याचं अभिनंदन केलं. मग पाणी मागितलं आणि पिता पिता सहज विचारलं, "हात घातलात ना?"

मी म्हणालो, "घातला."

एवढाच शब्द. त्यानं मान डोलावली आणि पेला खाली ठेवला.

चौथ्या दिवशी डोंगरावर धूर दिसला. राळेचा खुंट आतल्या आत जळत जातो, मुळं जमिनीखालून जळतात, आणि वारा सुटला की आग वर येते. अकरा दिवस रान जळत होतं. सगळा गाव कोयते घेऊन वर गेला. आम्ही झाडं तोडून पट्टे पाडत होतो आणि आग ते ओलांडून पुढं जात होती. निवारा जळला. माणसं वाचली, पण आमच्या लहानपणापासून उभी असलेली झाडं एकेक करून मोठ्या आवाजानं फुटली. सिक्स्तोच्या भुवया जळाल्या. सहाव्या दिवशी मी त्याला एका ओंडक्यावर बसून रडताना बघितलं. मी शेजारी जाऊन बसलो. काय बोलणार होतो? तोंडात मूग धरून बसलो, आणि ते मूग पुढं नऊ वर्षं तिथंच राहिले.

आग विझल्यावर उद्यानाच्या ऑफिसातली माणसं सुरुवात कुठून झाली ते शोधत खुंटाच्या जागेपाशी पोचली. तिथं आता नुसता खड्डा होता. गावच्या शाळेत त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, इथं कोण जात होतं?

सिक्स्तो उठून उभा राहिला. टोपी काढली. म्हणाला, "मी. त्या दिवशी उजाडायच्या आधी ढलप्या काढायला गेलो होतो. हातात पेटता पलिता होता. दोन्ही हात मोकळे करायला तो खुंटाच्या फटीत खोचला होता. परत घेतला तेव्हा ठिणगी राहिली असणार."

"आणि चूल?" त्यांनी विचारलं. "चुलीची राख?"

"चूल माझ्या कोंपाद्रेनं विझवली," सिक्स्तो म्हणाला. "त्यांनी हात घालून बघितला होता. चुलीतून काही झालं नाही. झालं ते माझ्या हातून."

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. त्यानं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण बघायची त्याला गरजच वाटली नाही. माझ्या शब्दानं चूल सुटली होती, आणि चूल सुटली की उरत होता तो फक्त त्याचा पलिता. तो मला पाठीशी घालत असता तर मला तेवढं लागलं नसतं. त्यानं मनापासून मानलं की रान आपण जाळलं. त्यांनी त्याच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. बावन्न वर्षांचा माणूस टोपी हातात धरून शाळेच्या पायऱ्या उतरला, आणि रस्त्यात जो भेटेल त्याला "माफ करा" म्हणत घरी गेला.

आठ दिवसांनी डब्याची चूल घेऊन तो माझ्याकडं आला. "ही घेऊन जा वर," म्हणाला. "चुलीनं काय पाप केलंय? आता तुम्हीच रांधायचं."

झालो मी आचारी. आयत्या बिळावर नागोबा. नव्यानं उभारलेल्या निवाऱ्यात मी रांधायला लागलो आणि शहरी मंडळी माझ्या भाताचे फोटो काढायला लागली. भात सिक्स्तोचा होता. लाकूड कसं लावायचं, भाताला पाणी किती बोटं, आलं कधी ठेचायचं, सगळं त्याचं. प्रत्येक खेपेहून उतरताना मी खरपुडी केळीच्या पानात बांधून त्याला आणून द्यायचो. त्याच्याच कायद्यानं ती त्याचीच होती. तो ओट्यावर बसून एकेक तुकडा कडकड चावायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, हा माणूस खरपुडीवरून अख्ख्या डोंगराची परीक्षा करायचा.

"पाणी एक बोट जास्त झालं," म्हणायचा. "आणि पेरूचं लाकूड ओलं होतं."

"ओलं नव्हतं हो."

"कोंपाद्रे, तुम्ही मला शिकवू नका. वाऱ्याच्या बाजूला तोंड केलं होतं चुलीचं. एका अंगानं करपलीय." मग पुढचा तुकडा उचलून विचारायचा, "वर कोवळी पाइनं उगवली का?"

"उगवली. कमरेपर्यंत आली."

"बरं झालं," म्हणायचा, आणि पान नीट घडी करून ठेवायचा.

त्याच्या घरात काय चाललंय ते मला एर्मिनियाकडून कळायचं. एर्मिनिया त्याची बायको, तोंडाची फटकळ आणि मनानं गावात सगळ्यात स्वच्छ. तिच्या मागच्या पडवीत मातीची चूल आहे, राजमा ती तिच्यावरच शिजवते. सिक्स्तो त्या चुलीला घाबरायला लागला होता. तिनं पेटवली की हा लांब जाऊन उभा राहायचा. विझवली की येऊन तीनदा पाणी ओतायचा, राखेत हात घालायचा, निघून जायचा आणि परत येऊन पुन्हा घालायचा. एकदा घाई केली आणि तळहाताला फोड आले.

"वेडा झालाय तुमचा कोंपाद्रे," ती मला म्हणायची. "माझा राजमा पोहायला लागतो. अहो, तुम्ही तरी सांगा त्याला, चूल विझली म्हणजे विझली."

सिक्स्तो स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत म्हणायचा, "तिला काय कळतंय. पूर्वी हाताला कळायचं. आता भरवसा नाही राहिला या हातांचा."

मी मान खाली घालून खेचराचा पट्टा आवळायचो. एकदा नाही, शंभरदा जिभेवर आलं. पण यानेलिस दहा वर्षांची होती, मग बारा, मग पंधरा. माझं कार्ड गेलं असतं तर तिची शाळा कशी झाली असती, हा हिशेब मी मनाला रोज घालून दाखवायचो. पुढं ती सांतियागोला नर्सिंग शिकायला गेली. जाताना तिनं धर्मबापाचा आशीर्वाद मागितला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला सांगितलं, "बापासारखी हो. शब्दाची पक्की." पोरगी मला येऊन हे कौतुकानं सांगत होती.

गेल्या नोव्हेंबरात उद्यानाच्या ऑफिसात पेराल्ता म्हणून नवे साहेब आले. तरुण माणूस, चढायची आवड असलेला. त्यांनी जुनी कागदपत्रं काढली आणि एक दिवस स्वतः सिक्स्तोच्या ओट्यावर येऊन बसले. मीही होतो.

"नऊ वर्षं म्हणजे खूप झाली," पेराल्ता म्हणाले. "वर तुमच्यासारखा जाणता माणूस हवाय मला. त्या सकाळी काय काय झालं, एवढं तुमच्या सोबत्यानं येऊन लिहून द्यावं. मग मी हे प्रकरण मिटवतो आणि कार्ड देतो. कोण होतं सोबत?"

सिक्स्तोचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "हे काय, इथंच बसलेत. माझे कोंपाद्रे. यांच्यासारखा साक्षीदार तुम्हाला शोधून सापडायचा नाही."

"मग गुरुवारी या," पेराल्ता मला म्हणाले.

गुरुवारी मी गेलो नाही. काय लिहून देणार होतो? पलिता विझलेला बघितला म्हणावं, तर ते विचारणार, मग आग कशाची? आणि मग उरते ती चूल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भरदुपारचं ऊन पडलं होतं. खेचर लंगडतंय म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात म्हणालो, नाताळची गर्दी आहे. मग म्हणालो, जानेवारीतला तीन राजांचा सण होऊन जाऊ दे.

सिक्स्तोनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. "हंगाम आहे तुमचा," म्हणायचा. "डोंगर कुठं पळून चाललाय?"

पण त्यानं तयारी केली होती. एर्मिनियाकडून जुनी पाठपिशवी शिवून घेतली. तिच्यात ओरेगानो, मीठ, दालचिनी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवली, सुरीला धार लावून फडक्यात गुंडाळली, कॉफी गाळायची नवी कापडी पिशवी घेतली, आणि सगळं दाराशी खिळ्याला टांगून ठेवलं. मी जायचो तेव्हा ती पिशवी माझ्या डोक्याला लागायची. एकदा मी त्याला गुपचूप राखेजवळ बसलेलं बघितलं. हात आत होता आणि ओठ हलत होते. मला बघून लाजला. "सराव करतोय, कोंपाद्रे," म्हणाला. "हाताला परत शिकवतोय. नाहीतर वर जाऊन पुन्हा तेच करीन, आणि या खेपेला देवसुद्धा माफ करायचा नाही."

त्या दिवशी मी ठरवलं की सोमवारी ऑफिसात जायचं आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं. खरंच ठरवलं होतं, यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. सोमवारी बारा जणांची टोळी आली. मी त्यांना घेऊन वर गेलो. परत आल्यावर जाऊ, म्हटलं. बुधवारी खरपुडी केळीच्या पानात बांधून खाली उतरलो तर नदीच्या पुलावरच बातमी कळली. मंगळवारी सकाळी केळीत काम करता करता सिक्स्तो छातीला हात लावून खाली बसला आणि उठलाच नाही. मातीसुद्धा देऊन झाली होती.

आमच्याकडं नऊ दिवस प्रार्थना चालते आणि नवव्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला जेवण असतं. एर्मिनियानं मला बोलावून घेतलं. काळा झगा घालून ती दारात उभी होती, मागं खिळ्याला ती पिशवी तशीच होती.

"आज तुम्ही रांधायचं," म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या हातचं त्याला चाललं नसतं." तिनं पिशवी काढून माझ्या हातात दिली. "यातलंच घ्या. ठेवून काय करू?"

अंगणात तीन दगडांवर मोठं भांडं चढवलं. त्याचं मीठ घातलं, त्याच्या सुरीनं कांदा चिरला, त्याचा ओरेगानो चुरला. सगळा गाव जेवला. यानेलिस सांतियागोहून आली होती, ती वाढत होती आणि डोळे पुसत होती. पेराल्तासुद्धा आले होते. जेवून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडा उशीर झाला आपल्याला." ते 'आपल्याला' म्हणाले.

लोक पांगल्यावर एर्मिनिया उलथनं घेऊन आली. भांड्यात वाकून तिनं बूड खरडलं, सगळी खरपुडी एका केळीच्या पानावर काढली आणि माझ्यापुढं धरली.

"घ्या," म्हणाली. "ज्याची सगळ्यात जास्त फजिती झाली त्याला, असंच ना? मला मुलं आहेत, नातवंडं आहेत. तुमचा एकच कोंपाद्रे होता. आज ही तुमची."

मला हात पुढं करवेना.

"घ्या की हो."

"मी हात घातला नव्हता," मी म्हणालो.

"कशात?"

"राखेत. त्या दिवशी. पाणी आणायला गेलोच नाही. राख खुंटाच्या ढोलीत ओतली आणि कोंबडा लढवायला पळालो. त्याच्या पलित्यानं काही झालं नव्हतं. तो विचारायला आला तेव्हा मी घातला म्हणून सांगितलं."

मागं यानेलिस ताटल्या गोळा करत होती, ताटल्यांचा आवाज थांबला. पोरीनं ऐकलं होतं. मला वाटलं, एर्मिनिया ओरडेल, शिव्या देईल, तेच उलथनं डोक्यात घालेल. घातलं असतं तर बरं झालं असतं.

"नऊ वर्षं," ती हळू आवाजात म्हणाली. "नऊ वर्षं तो माझ्या चुलीवर पाणी ओतत होता. मी त्याला वेडा म्हणायची. शेजारपाजाऱ्यांसमोर म्हणायची. रात्री उठून राख चाचपायला जायचा, तर मी अंथरुणातून ओरडायची, झोप की रे वेड्या." तिनं उलथनं खाली ठेवलं. "त्याचे हात चांगले होते."

"चांगले होते," मी म्हणालो.

"मला कशाला सांगताय? मला सांगून काय उपयोग आता?"

उद्या ऑफिसात जाऊन कार्ड परत करतो म्हणालो, तर तिनं ऐकलंसुद्धा नाही. तिनं खरपुडी पानात परत गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि छातीशी धरली. ती कोणासाठी ते मला विचारवलं नाही. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत त्याच्या क्रुसापाशी केळीचं पान दिसलं, मुंग्या लागलेलं.

त्या दिवशी एर्मिनिया जायला वळली आणि थांबली. तीन दगडांमध्ये निखारे अजून लाल होते.

"ती विझवा आधी," म्हणाली.

मी बादली आणली. तीनदा पाणी ओतलं. काठीनं ढवळलं, पुन्हा ओतलं. मग गुडघ्यांवर बसून राखेत हात घातला, मनगटापर्यंत, आणि पाच-सहा श्वास थांबलो. चिखल झाला होता, पार गार.

"झोपली," मी म्हणालो.

एर्मिनिया म्हणाली, "परत घाला."

मी परत घातला. "गार आहे, बाई. शपथ."

तिनं पानाची पुरचुंडी यानेलिसच्या हातात दिली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली, काळ्या झग्याची बाही वर सारली आणि राखेत स्वतःचा हात घातला.